भिंतीपलीकडचे अर्थमंत्री

आमच्या शेजारचे बल्गेरियन प्रोफेसर नेमके कोण आहेत, हे आजच्या घडीला अमेरिकेचं सरकार, बल्गेरियाचं सरकार आणि त्यांची स्वतःची बायको या तिघांपैकी कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मी तर मुळीच नाही. शिकागोजवळच्या शॉमबर्ग नावाच्या उपनगरात त्यांचं आणि आमचं घर एकाच भिंतीने जोडलेलं आहे. त्या भिंतीच्या अलीकडे इतकी वर्षं काढूनही मला त्यांच्याबद्दल जे कळलं आहे, त्यातलं निम्मं चुकीचं असणार याची मला खात्री आहे. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा ते एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. मध्यंतरी ते आपल्या देशाचे उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री झाले. नंतर ते कोणीच नव्हते. या तिन्ही काळांत त्यांच्या अंगात तोच एक तपकिरी स्वेटर होता, त्यामुळे नुसतं बघून काही अंदाज लागत नसे.

अर्थशास्त्राचा प्राध्यापक अर्थशास्त्र वर्गात शिकवतो, अशी माझी भाबडी समजूत होती. प्रोफेसर झोपेतून उठल्यापासून शिकवत. आमच्या जवळच्या इंडियन ग्रोसरीत ते मेथी घ्यायला येत आणि येताना खिशात छोटा वजनकाटा घालून आणत. जुडीचा भाव तोच आहे पण जुडी बारीक होत चालली आहे, म्हणजे ही छुपी महागाई आहे, हे त्यांनी एकदा गल्ल्यावरच्या गुजराती काकांना, मागे रांग लागलेली असताना, सप्रयोग सिद्ध करून दाखवलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अंकल, लेना है तो लो, पीछे लाइन है." मी भाषांतर करून सांगितल्यावर प्रोफेसर खूश झाले. बाजाराचं इतकं स्पष्ट उत्तर आपण आजवर ऐकलं नव्हतं, असं म्हणून त्यांनी दोन जुड्या जास्त घेतल्या. आमच्या अन्वीचा दात पडला तेव्हाही तेच. इथल्या रिवाजाप्रमाणे तिने दात उशीखाली ठेवला, परीने सकाळी एक डॉलर ठेवला आणि तो डॉलर नाचवत ती त्यांना दाखवायला गेली. परत आली ती कमरेवर हात ठेवून. "बाबा, प्रोफेसर अंकल सेज द टूथ फेअरी हॅज नॉट ॲडजस्टेड फॉर इन्फ्लेशन." पुढच्या दाताच्या वेळी परीला हात जरा सैल सोडावा लागला.

दह्याचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. जगातलं पहिलं दही बल्गेरियात लागलं, यावर त्यांचा ठाम विश्वास. आणि माझ्या बायकोचं, मृणालचं, माहेर पुण्याचं. एका संध्याकाळी कुंपणाशी उभं राहून त्यांनी तिला विरजणाची एक बरणी भेट दिली आणि वर म्हणाले, "हे घ्या, म्हणजे तुम्हालाही आता खरं दही लावता येईल." मृणाल गोड हसून थँक यू म्हणाली. घरात आल्यावर ती जे म्हणाली ते मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या दह्याची कवडी त्यांच्या दारात नेऊन ठेवली. त्यानंतर दोन्ही घरांतून बरण्या इतक्या वेळा इकडून तिकडे गेल्या, की आता आमच्या फ्रिजमधलं दही कुठल्या देशाचं आहे हे तेही सांगू शकत नाहीत आणि तीही.

पण त्यांच्यापुढे माझी खरी अब्रू गेली ती त्यांच्या नामदिवसाला. त्यांच्याकडे वाढदिवसापेक्षा नामदिवस मोठा. आपल्या नावाच्या संताचा दिवस तो आपला दिवस. त्या दिवशी कुणाला आमंत्रण द्यायचं नसतं. घरात भरपूर रांधून ठेवायचं, दार उघडं टाकायचं, ज्याला आठवण असेल तो येतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भर थंडीत मला त्यांचं दार सताड उघडं दिसलं. म्हटलं, म्हातारा विसरला वाटतं, हीटिंगचं बिल किती येईल. मी चांगल्या शेजाऱ्यासारखा बूट घालून गेलो आणि दार हळूच ओढून घेऊन परत आलो. आत प्रोफेसर आणि प्रोफेसरीणबाई टेबल भरून वाट बघत बसले होते. पुढे कित्येक दिवस ते माझ्याशी तुटक वागले आणि का वागले ते मला कळेना. अखेर प्रोफेसरीणबाईंनीच खुलासा केला. या बाई एका दातांच्या दवाखान्यात काम करतात आणि कामापुरतंच बोलतात. मी धावत माफी मागायला गेलो तेव्हा प्रोफेसर म्हणाले, "इतक्या वर्षांत न आलेले शेजारी पुष्कळ झाले. पण खास दार लावायला आलेले तुम्ही पहिलेच." त्या वर्षापासून आम्ही न बोलावता जातो. दसऱ्याला सोनं द्यायला ते न बोलावता येतात. आपट्याचं पान इथे मिळत नाही, म्हणून मृणाल अंगणातल्या मेपलचं देते आणि प्रोफेसर ते पाकिटात जपून ठेवतात.

मंत्रिपदाकडे त्यांची वाटचाल सुरू झाली ती त्यांच्या तळघरातून. तिकडच्या टीव्हीवर देशाच्या बजेटबद्दल बोलायला त्यांना बोलावत आणि ते आपल्या तळघरात कॅमेऱ्यासमोर बसून बोलत. कमरेच्या वर कोट-टाय, खाली बर्म्युडा. अडचण एवढीच होती, की त्यांच्या कार्यक्रमाची वेळ आणि आमच्या भाताच्या कुकरची वेळ एकच. भिंत लाकडी आणि पोकळ. एकदा तर ते तुटीचा आकडा सांगत असतानाच शिट्टी झाली, ते थांबले, दुसरी झाली, आणि तिसरी होईपर्यंत अख्खा देश त्यांच्याबरोबर थांबला. सूत्रसंचालकाने विचारलंच, की हा आवाज कसला? प्रोफेसर गंभीरपणे म्हणाले, "अमेरिकन अर्थव्यवस्था." हे उत्तर तिकडे फार गाजलं म्हणे. ते आपल्या देशात लोकप्रिय झाले त्यात आमच्या कोलम तांदळाचा वाटा आहे, असं मृणाल आजही सांगते, आणि मला ते खोडून काढता आलेलं नाही.

मग एका रविवारी मी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होतो आणि ते त्यांच्या बाजूचा काढत होते, तेव्हा फावड्यावर रेलून ते म्हणाले, "मी बहुधा अर्थमंत्री झालो आहे." मी म्हटलं, कॉलेजच्या नाटकात का? तर नाही, खरोखरचा. तिकडे निवडणुकांवर निवडणुका चालल्या होत्या, कुणालाच बहुमत मिळत नव्हतं आणि भांडणाऱ्या पक्षांना कुठल्याच पक्षाचा नसलेला एक माणूस हवा होता. मृणालने तातडीने शिरा केला. शिरा घेऊन गेलो तोवर कळलं, की युती फिसकटली. शिरा परत आणणं बरं दिसेना, म्हणून सांत्वनाचा म्हणून दिला. दोन दिवसांनी युती पुन्हा जुळली, आता उपपंतप्रधानपदही देत होते. पुन्हा शिरा. शुक्रवारी पुन्हा फिसकटली. मृणाल वैतागून म्हणाली, "त्यांना म्हणावं, एकदा फायनल करा आणि मग मेसेज टाका. माझा रवा संपला यार." त्याच आठवड्यात आमच्या कॉलनीच्या सोसायटीची, म्हणजे एचओएची, नोटीस त्यांच्या दारावर लागली, की तुमची कचऱ्याची पेटी रस्त्यावरून दिसते, ती आत घ्या. भावी उपपंतप्रधानांनी ती निमूटपणे आत घेतली.

एवढ्यापर्यंत सगळी मजाच होती. पण युती अखेर जुळल्यावर एका संध्याकाळी ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले आणि चहाचा कप फिरवत म्हणाले, "एक अट आहे. तिकडच्या मंत्र्याला दुसऱ्या देशाचा नागरिक राहता येत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व सोडावं लागेल."

इथे मला माझ्याबद्दल सांगणं भाग आहे. मी नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, इथे नोकरीच्या व्हिसावर आलेला. ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही उभे आहोत ते अन्वीच्या जन्माच्या आधीपासून. आमची रांग अशी आहे, की ती कधीकधी मागे सरकते. नोकरी गेली तर घर आवरून भारतात परतायचं, वडील आजारी पडले तर जाण्याआधी वकिलाला विचारायचं, आणि नवा सोफा घेताना सुद्धा मनात येतं, की घ्यावा का. आणि हा माणूस माझ्या टेबलाशी बसून, माझ्या घरचा चहा पीत, ज्याच्यासाठी आम्ही तरुणपण घालवलं ती गोष्ट परत करायला निघाला होता.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय सोडताय?" माझा आवाज चढला. "तुमचं ते सरकार टिकणार किती दिवस? ते पडलं की काय करणार? तुमची बायको इथे आहे, घर इथे आहे!"

"मी हिशेब केला आहे," ते म्हणाले. "हिशेब अजिबात जुळत नाही."

"मग?"

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. बायकोकडे गेलो होतो, ती काही बोलत नाही."

प्रोफेसरीणबाई दुसऱ्या दिवशी बोलल्या. कुंपणापलीकडे कपड्यांची टोपली घेऊन उभ्या होत्या. "या माणसाबरोबर मी एकदा देश सोडला आहे," त्या म्हणाल्या. "एका बाईने एका नवऱ्यासाठी एकदाच देश सोडावा. आता माझे गुडघे दुखतात. त्याला जायचं तर जाऊ दे, मी इथे आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. प्रोफेसर गेले. तिकडच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन त्यांनी सही केली, निळा पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि मंत्रिपदाची शपथ घेतली. मला इतका राग आला होता, की मी त्यांना अभिनंदनाचा मेसेजही मृणालच्या फोनवरून केला.

ते मंत्री असतानाचा काळ आम्ही संपूर्ण अज्ञानात काढला. कॉम्प्युटरवर तिकडच्या संसदेचं प्रक्षेपण लावून आम्ही तिघं बसत असू. भाषा ओ की ठो कळत नसे. प्रोफेसर उठून काहीतरी बोलत, समोरचे लोक बाकं बडवत, आणि मृणाल विचारी, "हे खुश आहेत का चिडलेत?" अन्वी म्हणे, "आय थिंक ही इज विनिंग." बातम्यांत त्यांच्या मागे चार अंगरक्षक दिसत आणि अंगात सुटाच्या आत तो तपकिरी स्वेटर. इकडे त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ मी काढत होतो. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी ही गोष्ट जरा चढवून सांगितली, तर एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "ओळख आहे ना? मग आपलं ग्रीन कार्डाचं काही होतं का बघ ना." मी त्याला समजावलं, की ते बल्गेरियाचे मंत्री आहेत. तो म्हणाला, "असू दे रे, मंत्री ते मंत्री."

मग सरकार पडलं. बजेटवरच पडलं. मला ते कचऱ्याच्या गाडीच्या दिवशी कळलं. प्रोफेसरीणबाई पेटी ढकलत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आमचा माणूस बेकार झाला. तुमच्या बायकोला सांगा, या वेळी शिरा नको." पुढचे कितीतरी महिने ते तिकडेच होते, कारण आता इकडे यायला त्यांना व्हिसा लागत होता. आपल्याच घरी येण्यासाठी, आपल्याच बायकोला भेटायला येणारा पर्यटक म्हणून त्यांनी अर्ज केला. मिळाला तेव्हा त्यांना विमानतळावरून आणायला मीच गेलो. नागरिकांच्या दारातून लोक भराभर येत होते. प्रोफेसर सगळ्यांच्या शेवटी, आपल्याकडच्या आजीआजोबांच्या घोळक्यातून, एका आजींची बॅग ढकलत आले. "सहा महिने दिले आहेत," ते म्हणाले, "तुमच्या वडिलांना देतात तेवढेच."

माझे वडील तेव्हा इथेच होते. दोघं रोज तळ्याकाठच्या बाकावर बसू लागले. वडील नागपुरी हिंदीत बोलत, प्रोफेसर इंग्रजीत. विषय बहुधा वांग्यांचा भाव असे. वडील एकदा मला म्हणाले, "हा माणूस मंत्री होता म्हणता तुम्ही, पण हा तं सगळं ऐकून घेते." मीही शेवटी एकदा त्या बाकावर बसून माझा अडकलेला प्रश्न विचारला. सगळं घालवून तिकडे मिळवलं काय? "पहिल्या बैठकीत मी एक विनोद केला," ते म्हणाले. "आणि सगळे हसले. लगेच. मी त्याचं आधी मनात भाषांतर केलं नव्हतं. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं." मी त्यांच्यावर पुन्हा चिडायची तयारी करून गेलो होतो. ती तयारी वाया गेली, कारण ऑफिसात मी रोज मनातल्या मनात कशाकशाचं भाषांतर करतो ते मला माहीत होतं.

त्यांना इथे कायम राहता यावं म्हणून अजून इथल्या नागरिक असलेल्या प्रोफेसरीणबाईंनी अर्ज केला, म्हणजे हा माझा नवरा आहे आणि हे लग्न खरं आहे, असं त्यांना सरकारला पटवून द्यायचं होतं. "आधी मला तरी पटू दे," त्या म्हणाल्या. पण लग्नाच्या वेळचे काळेपांढरे फोटो शोधताना त्या एकट्याच हसत होत्या, असं मृणालने पाहिलं. निकाल लागेपर्यंत प्रोफेसरांना देशाबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. टाकलं तर सगळं मुसळ केरात. आणि नेमका त्याच सुमारास तिकडून फोन आला. पुन्हा निवडणूक झाली होती, पुन्हा कुणाला बहुमत नव्हतं, पुन्हा त्यांना बोलावत होते. त्यांच्या आवाजावरून भिंतीअलीकडे आम्हाला सगळं कळलं. मृणालने गॅस बंद केला. दोन दिवस त्यांच्या घरातून कसलाही आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी ते कुंपणाशी भेटले. मला विचारवेना, म्हणून मी हवेबद्दल बोललो. त्यांनीच सांगितलं, "मी त्यांना म्हटलं, मला येता येणार नाही, मी रांगेत उभा आहे." आणि मागे वळून त्यांनी घराकडे पाहिलं. खिडकीत प्रोफेसरीणबाई भांडी पुसत होत्या.

मुलाखतीला दोघांना घेऊन मी गेलो, कारण या कागदपत्रांच्या बाबतीत आमच्या गल्लीत माझ्याइतका मुरलेला माणूस नाही. मी बाहेर गाडीत बसलो. बाहेर आले ते भांडतच. अधिकारीबाईंनी नवऱ्याचा व्यवसाय विचारला होता. हे म्हणाले, अर्थशास्त्रज्ञ. त्याच क्षणी प्रोफेसरीणबाई म्हणाल्या, बेकार. अधिकारीबाईंनी काय लिहिलं ते कुणालाच कळलं नाही.

त्यानंतर काय झालं, हे मला बरेच दिवस उमगलं नाही. प्रोफेसर नवीन हातोडी आणली तरी दारोदार सांगणारे. पण निकालाबद्दल विचारलं की ते टोमॅटोच्या रोपांवर घसरत. "अजून कळलं नाही काही," म्हणत आणि उलट मलाच विचारत, "तुमच्या रांगेची तारीख सरकली का?" मला वाटलं, नामंजूर झालं. मी विचारायचं सोडून दिलं. मग एके दिवशी मृणाल कुंपणाकडून आली ती भिंतीला टेकून उभीच राहिली. "त्यांचं ग्रीन कार्ड केव्हाच आलं," ती म्हणाली. "बाई सहज बोलून गेल्या. त्यांना वाटलं आपल्याला माहितीये. प्रोफेसरांनी आपल्याला सांगितलंच नाही."

मी तसाच गेलो. ते मागच्या अंगणात रोपांना काठ्या बांधत होते. मी हात पुढे केला आणि म्हटलं, अभिनंदन. त्यांनी सुतळी खाली ठेवली. पकडल्या गेलेल्या विद्यार्थ्यासारखा चेहरा झाला त्यांचा. संसदेत बजेट पडलं तेव्हासुद्धा तो इतका पडलेला नव्हता.

"तुमचं आधी यायला हवं होतं," ते म्हणाले. "मी तर एकदा घेऊन परत केलं होतं. पुन्हा मागितलं, तर वर्षाच्या आत हातात दिलं. हे तुम्हाला कसं सांगायचं, ते मला सुचेना."

कुठल्याही गोष्टीचं कारण देऊ शकणारा तो माणूस माझा हात हातात धरून नुसता उभा होता. आमच्या रांगेबद्दल आजवर वकील बोलले, कंपनी बोलली, नातेवाईक तर फारच बोलले. तिची लाज मात्र कुणाला वाटली नव्हती. मी म्हटलं, "कार्ड दाखवा तरी, कसं असतं ते बघू." ते आत गेले, घेऊन आले, आणि माझ्या हातात देताना त्यांनी ते आधी आपल्या स्वेटरला पुसलं.